बोर्ड, रॅम आणि भारनियमन: शिरूर-दौंडकडचा असेंबल्ड कॉम्प्युटर

सुटे भाग निवडून जोडलेला, म्हणजे असेंबल्ड कॉम्प्युटर शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घरांत शिरू लागला तो साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस. खरेदीचे कारण बहुधा ‘मुलांचा अभ्यास’ असे सांगितले जाई. घरी आल्यावर त्याच्यावर पिक्चर लागत आणि गेम चालत. ही दोन्ही कामे करमणुकीचीच असली तरी यंत्राकडे त्यांची मागणी निराळी असते. पिक्चरला सेकंदाला पंचवीसेक चित्रे न अडखळता उलगडता आली की पुरते. त्यापुढची ताकद वाया जाते. गेमचे तसे नाही. नवा गेम आला की कालचे यंत्र आज कमी पडते. मोजक्या पैशांत दोन्ही साधायचे तर पैसा कोणत्या भागावर घालायचा आणि हात कोठे आखडायचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कितीदा तरी पालटले. त्या पालटण्यात प्रोसेसरच्या वेगाइतकाच वाटा आयात शुल्काचा, विजेचा आणि पुण्याच्या अंतराचा आहे.

अंतराचा मुद्दा दोन्ही गावांना सारखा लागू होत नाही. दौंड हे जुने रेल्वेगाव. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे-दिकसाळ मार्ग १८५८ साली सुरू झाला तेव्हापासून ते रुळावर आहे, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा निघाल्यावर ते जंक्शन झाले. शिरूरला, म्हणजे जुन्या बोलीतल्या घोडनदीला, रेल्वे नाही. त्याचा सारा व्यवहार पुणे-नगर रस्त्यावर. दौंडचा माणूस सकाळच्या शटलने पुण्याला जाऊन संध्याकाळी मदरबोर्ड घेऊन परत येऊ शकत असे. शिरूरकराला एसटी, नाहीतर खासगी गाडी. मात्र त्याला पुण्याखेरीज नगरच्या बाजारपेठेचाही पर्याय होता. पुण्यात माल मिळे तो बुधवार पेठ आणि तपकीर गल्लीच्या परिसरात. पुण्याच्या दुकानदाराचा मालही पुष्कळदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून आलेला असे. म्हणजे शिरूरच्या दुकानातला रॅमचा तुकडा दोन-तीन हात फिरून आलेला. त्यामुळे किंमत वाढे हे खरे, पण खरी अडचण वेगळीच होती. एखादा भाग वॉरंटीत बंद पडला तर तो त्याच वाटेने उलटा जाई आणि आठवडे लागत. म्हणून तालुक्याचा दुकानदार नव्या, अनोळखी मालाच्या वाटेला सहसा जात नसे. जो बोर्ड दहा गिऱ्हाइकांकडे चालला तोच अकराव्याला दिला जाई. कोटेशनमध्ये निवडीला दिसे तेवढा वाव प्रत्यक्षात नसे.

कॉम्प्युटरच्या आधी घरगुती सिनेमा आणि घरगुती खेळ या दोन वेगळ्या वस्तू होत्या. १९८० च्या दशकात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-चार पिक्चर बघण्याची पद्धत महाराष्ट्राच्या गावागावांत होती. खेळासाठी १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेट बदलायचा ‘टीव्ही गेम’ आला. जपानी निंटेंडोच्या यंत्राच्या त्या नकला. केबल आली तसा व्हीसीआर मागे पडला. या सगळ्याची जागा घेईल असे एकच खोके येण्यासाठी आधी ते खोके स्वस्त व्हावे लागणार होते.

ते स्वस्त झाले धोरणामुळे. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली, १९९१ नंतर ती उघडली. निर्णायक ठरला तो जागतिक व्यापार संघटनेचा माहिती तंत्रज्ञान करार. भारत त्यात १९९७ साली सामील झाला आणि त्यात बसणाऱ्या वस्तूंवरचे आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क हे सगळे त्यात बसत होते. तैवान, मलेशिया, कोरियाहून येणारे भाग असे दरवर्षी उतरत गेले, तर एचसीएल, विप्रो, झेनिथ यांच्या तयार यंत्रांच्या किमतीत जाहिरात, वितरण आणि कर यांचा भार राहिला. शिवाय असेंबल्ड यंत्रात विंडोज बहुधा विकत घेतलेली नसे. हा फरक कोटेशनवर कधी लिहिला गेला नाही, पण तो काही हजारांचा होता.

घरच्या कॉम्प्युटरवर पिक्चर बघणे शक्य झाले ते व्हीसीडीमुळे. १९९३ साली ठरलेल्या या पद्धतीत आपल्याकडच्या टीव्हीसाठीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असे आणि एका तबकडीत ७४ मिनिटे मावत. त्यामुळे हिंदी पिक्चर दोन, कधी तीन तबकड्यांवर येई आणि मध्यंतर आपोआप घडे. सुरुवातीच्या यंत्रांना व्हीसीडी उलगडायला निराळे एमपेग कार्ड लागे. पेंटियमचा वेग शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या घरात गेल्यावर तेच काम नुसत्या सॉफ्टवेअरने होऊ लागले. त्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या लेखी यंत्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग होता सीडी-रॉम ड्राइव्ह. चरे पडलेली, दहा घरे फिरलेली तबकडी जो वाचेल तो चांगला. तबकडी लवकर ‘पकडणारा’ ड्राइव्ह आणि ‘अडकणारा’ ड्राइव्ह एवढेच दोन प्रकार लोक ओळखत, आणि ड्राइव्ह पारखायला ती कसोटी तशी वाईट नव्हती. खेळांपैकी ‘डेंजरस डेव्ह’ आणि जुना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ कोणत्याही यंत्रावर चालत. ‘रोड रॅश’ला मात्र साउंड कार्ड आणि दोन स्पीकर हवेतच असे वाटू लागले आणि ‘मल्टिमीडिया पीसी’ ही नवी पायरी तयार झाली.

याच सुमारास, १९९८ साली, इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने धावे आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंगतीला बसे. स्वस्तात गेमिंगचा हा जगभर गाजलेला नुस्खा. पण जळालेला भाग बदलून घ्यायला जिथे एक दिवस मोडतो, तिथे असली करामत महाग पडते.

तालुक्यात हा धंदा खऱ्या अर्थाने मूळ धरू लागला तो क्लासमुळे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांत सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता लागू असल्याने शिक्षक, तलाठी, पोलीस, भरतीची तयारी करणारी पोरे सगळीच त्या केंद्रांत आली. दौंडला तर रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांच्यामुळे नोकरदार कुटुंबांची वस्ती मोठी. केंद्र चालवायला यंत्रे लागत, ती दुरुस्त करायला माणूस लागे, आणि तो माणूस लवकरच गिऱ्हाइकांना यंत्रे जोडून देऊ लागे. क्लासमध्ये जो बोर्ड आणि जेवढी रॅम, तेच कोटेशन घरच्यांनाही मिळे. म्हणजे वर्ड आणि एक्सेल शिकवायला निवडलेली रचना गेम खेळण्यासाठी विकली जात होती. पुढच्या अनेक निराशांचे मूळ यात आहे.

२००३-०४ च्या आसपासचे ठरावीक कोटेशन असे असे: सेलेरॉन किंवा पेंटियम फोर प्रोसेसर, इंटेल ८४५ नाहीतर ८६५ मालिकेतल्या चिपसेटचा बोर्ड, इंटेलचा परवडत नसेल तर मर्क्युरीचा, १२८ किंवा २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, ५२एक्स सीडी ड्राइव्ह, कोणी वापरत नसले तरी फ्लॉपी ड्राइव्ह, १५ इंची सीआरटी मॉनिटर, कॅबिनेट एसएमपीएससह, कीबोर्ड, माउस, स्पीकर. शेवटी यूपीएस आणि टेबल. सगळे मिळून पंचवीस-तीस हजारांच्या आत-बाहेर. कॅबिनेट आणि एसएमपीएस एकाच ओळीत का लिहिले जात, याचा विचार फारसा कोणी करत नसे. त्या ओळीकडे पुढे यावे लागेल.

खरी मेख बोर्डाच्या ओळीत होती. या मालिकांतल्या स्वस्त बोर्डांवर ग्राफिक्स आतच बसवलेले असे. त्यावर व्हीसीडी उत्तम चाले, डीव्हीडीही चाले. पण ८४५जीएल, ८४५जीव्ही आणि ८६५जीव्ही या चिपसेटच्या बोर्डांना ग्राफिक कार्डासाठी लागणारी एजीपीची खाचच नसे. ८६५जी आणि ८६५जीव्ही यांच्या नावात एका अक्षराचा फरक. किमतीतला फरक हजाराच्या आतबाहेर. वर्षभराने मुलगा ‘व्हाइस सिटी’ या गेमसाठी कार्ड मागू लागे तेव्हा ते लावायला जागाच नाही हे कळे. उरे ती साधी पीसीआय खाच, आणि तिच्यात बसणारी कार्डे एकतर मिळत नसत आणि मिळाली तरी हळू असत. पिक्चर बघणाऱ्याला हा बोर्ड पुरेपूर होता. गेम खेळणाऱ्याचा रस्ता त्याने कायमचा बंद केला. खरेदी करताना दोघांच्या हातात कागद मात्र एकच.

ज्यांच्या बोर्डाला खाच होती त्यांच्यासाठी दुसरा सापळा तयार होता. २००२ साली आलेले एनव्हिडियाचे जीफोर्स ४ एमएक्स ४४० हे कार्ड भारतात अमाप खपले. नावात चारचा आकडा असला तरी आतली रचना जीफोर्स ३ च्याही आधीच्या पिढीची होती आणि नव्या गेमना लागणारी पिक्सेल शेडरची सोय तिच्यात नव्हती. २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ जीफोर्स ३ वर चाले, ४ एमएक्सवर चालत नसे. हे दुकानदाराला माहीत असण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्याकडे येणारा माल नाव आणि एमबी यांवर विकला जाई. ‘६४ एमबीचं कार्ड’ म्हटले की पुढे कोणी विचारत नसे. नंतर ‘१ जीबी’, ‘२ जीबी’, ‘४ जीबी’ असे आकडे बदलले, पद्धत तीच राहिली. कार्डावरची मेमरी जास्त पण चिप अशक्त, हा प्रकार आजही खपतो.

या सगळ्याहून मोठा प्रश्न विजेचा होता. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले, ते ऐन टंचाईत. पुढची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचे भारनियमन सोसले. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके कालव्याच्या पाण्यावर उसाचे झालेले. शेतीपंप आणि घरे एकाच फीडरवर असल्यामुळे वीज असली तरी दाब पुरेसा नसे, आणि पंप एकदम बंद पडले की तो उसळी मारे. सिंगल फेजिंग, अक्षय प्रकाश योजना, गावठाण फीडर वेगळे करणे, असे उपाय एकामागून एक आले. कॉम्प्युटरच्या दृष्टीने गावठाण फीडर हा यांतला सगळ्यात मोठा बदल. गावठाणात राहणाऱ्याला त्याचा लाभ झाला आणि मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्याला फारसा झाला नाही. त्यामुळे एकाच गावात दोन तऱ्हेची कोटेशने लागत.

पुण्यात यूपीएस ही सोय होती. इथे तो यंत्राचा भागच होता. सर्वांत खपणारा म्हणजे ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी. तो साधारण ३५० वॅटचा भार पेलतो, पण किती वेळ हे बॅटरीवर. सीआरटी मॉनिटर एकटाच ७०-८० वॅट खाई. नव्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे मिळत. दोन-तीन उन्हाळ्यांनी बॅटरी बसली की गेम ‘सेव्ह’ करण्याइतकाही अवधी उरत नसे. पुढे सीआरटीच्या जागी एलसीडी आला तेव्हा शहरात लोकांनी जागा वाचली म्हणून त्याचे कौतुक केले. इकडे त्याचे मोल वेगळे होते: २०-२५ वॅटचा मॉनिटर लावला की त्याच यूपीएसवर यंत्र दुप्पट वेळ चाले.

पुष्कळ घरांनी यूपीएसऐवजी घरचा इन्व्हर्टरच वापरून पाहिला. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरला भार आपल्यावर घ्यायला काही मिलिसेकंद लागतात; पंख्याला, दिव्याला त्याचे काही नसते, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा पुढे ‘यूपीएस’ असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबले की बदल लवकर होतो, पण मग इन्व्हर्टर कमी दाबाची वीजही नाकारतो आणि बॅटरीवर जातो. शेतीपंपांच्या वेळेत दाब उतरलेलाच असे, त्यामुळे बटण दाबले तर बॅटरी रिकामी आणि न दाबले तर यंत्र बंद, अशा कात्रीत घरे सापडत. स्टॅबिलायझर आधी, मग इन्व्हर्टर, मग कॉम्प्युटर ही रांग अनेकांनी अनुभवाने लावली.

आता कॅबिनेटच्या ओळीतला एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटसोबत तो फुकट आल्यासारखा येई. वर ४५० वॅटचा कागद, आत निम्म्याचीही खात्री नाही. तो हातात तोलून बघणे ही जुन्या कारागिरांची परीक्षा होती आणि ती शास्त्राला धरून होती: चांगल्या पुरवठ्यात मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड कॉइल, भक्कम हीटसिंक असते, फिल्टरचे भाग गाळलेले नसतात, त्याचे वजन लागतेच. हलका डबा यंत्र चालू करी, विंडोज चालवी, पिक्चरही दाखवी. ग्राफिक कार्ड जोडले आणि गेम रंगात आला की मात्र १२ व्होल्टची वाहिनी खचे आणि पडदा काळा होई. दोष कार्डावर जाई. शिवाय १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या कितीतरी बोर्डांवरचे कपॅसिटर निकृष्ट रसायनामुळे फुगून फुटत. ही जगभरची साथ होती, पण चढउताराच्या विजेवर आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ती लवकर उघडी पडली.

याला जोडूनच अर्थिंगची गोष्ट येते. ‘कॅबिनेटला करंट येतो’ ही तालुक्यातली नित्याची तक्रार. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेचा खरखराट जमिनीत सोडण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. घराला अर्थिंग नसले, किंवा तीन पिनची वायर दोन पिनच्या सॉकेटात घुसवली असली, की तो खरखराट जायला वाट उरत नाही आणि पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्टचा ताण राहतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून माणसाला झिणझिण्या येतात, इतकेच. पण त्याच अवस्थेत केबल टीव्हीची अर्थ झालेली वायर ट्यूनर कार्डाला लावली की फरकाचा झटका कार्डातून जातो. बरीच टीव्ही ट्यूनर कार्डे अशीच गेली. अर्थिंगसाठी लोखंडी सळई, कोळसा, मीठ आणि रोजचे तांब्याभर पाणी हा उपाय कोणत्याही ग्राफिक कार्डापेक्षा स्वस्त होता.

घरगुती थिएटराचा थाट याच काळातला. एलसीडी टीव्ही अजून आवाक्याबाहेर होता, म्हणून ट्यूनर बॉक्स लावून मॉनिटरच टीव्ही करायचा आणि ४.१ किंवा ५.१ स्पीकर खोलीच्या कोपऱ्यांत टांगायचे. सबवूफरचा दणका हेच आवाजाच्या दर्जाचे माप मानले जाई. व्हीसीडीच्या पिक्चरला मुळात दोनच वाहिन्यांचा आवाज असतो, त्यामुळे मागचे स्पीकर पुढच्यांचीच नक्कल वाजवत. पण सहा स्पीकर लावल्याचे समाधान खोटे नव्हते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, मराठी पिक्चरही त्यांत होते, तेव्हा भाड्याच्या तबकड्यांचा धंदा उतरला. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडने उरलेले काम केले. त्याच्या ५०० रुपयांच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजले जात नसे. म्हणून यंत्रे रात्रभर चालू राहू लागली आणि हार्ड डिस्क हा पहिल्यांदाच कोटेशनचा महत्त्वाचा आकडा झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हा दौंड-शिरूरच्या कोटेशनवरही त्या एका ओळीची किंमत दुपटीच्या आसपास गेली.

तबकडीकडून फाइलकडे जाताना पिक्चरची मागणीही वाढली. १०८० ओळींचे एच.२६४ चित्र जुन्या पेंटियम फोरला झेपत नव्हते. त्यावर दोन उपाय: कोअर टू ड्युओसारखा प्रोसेसर, किंवा चित्र स्वतः उलगडणारे स्वस्त ग्राफिक कार्ड. २००७ च्या सुमारास एनव्हिडिया आणि एटीआय दोघांच्या कार्डांत ही सोय आली. काही काळ तरी पिक्चर आणि गेम या दोघांची वाट एकाच कार्डापर्यंत आली. पण ती लवकरच पुन्हा फुटली, कारण २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्सच हे काम बिनबोभाट करू लागले. तिथून पुढे ग्राफिक कार्ड ही निव्वळ गेमवाल्याची गरज राहिली.

भारनियमन ओसरत गेले, फ्लिपकार्ट आणि २०१३ पासून ॲमेझॉन पिनकोडपर्यंत माल पोहोचवू लागले, आणि शिरूर-दौंडच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच पुण्याच्या गिऱ्हाइकाइतकी निवड मिळाली. आता एसएमपीएस कोटेशनवर स्वतःच्या ओळीत आला. २०१४ चे जीटीएक्स ७५० टीआय आणि २०१६ चे १०५० टीआय ही कार्डे इथल्या परिस्थितीला विशेष मानवली. पहिले ६० आणि दुसरे ७५ वॅटमध्ये चालते, आणि खाचेतूनच ७५ वॅट मिळत असल्याने वेगळी वायर लागत नाही. २०१७ चा पेंटियम जी४५६० त्यांना जोडीला आला. २०१८ च्या फेब्रुवारीत एएमडीचा रायझन ३ २२००जी आला, तेव्हा कार्डाशिवायही बरे गेम खेळता येऊ लागले. एक अट होती, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होई: अशा प्रोसेसरचे ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेते, म्हणून ८ जीबीचा एक तुकडा लावण्यापेक्षा चार-चारचे दोन लावले तर खेळाचा वेग लक्षणीय वाढतो. पैसे जवळपास तेवढेच. ‘पुढं वाढवता येईल’ म्हणून एकच तुकडा लावायचा आणि पुढे कधीच वाढवायचा नाही, हे मात्र अजून चालू आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि दोन वर्षांत पब्जीने पोरांना मोबाइलवर नेले. कॉम्प्युटरची दुकाने सीसीटीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीकडे वळली. टाळेबंदीत मागणी पुन्हा उसळली, पण नेमकी तेव्हाच क्रिप्टो चलनांच्या खाणकामाने ग्राफिक कार्डांच्या किमती अवाच्या सवा झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने खाणकामाची पद्धत सोडली तेव्हा त्या उतरल्या. खाणीत राबलेली जुनी कार्डे मग स्वस्तात बाजारात आली.

या काळाने एक नवा प्रवाह सुरू केला: आयटी कंपन्यांनी मुदत संपली म्हणून काढून टाकलेली डेल, एचपी, लेनोव्होची यंत्रे. खराडीच्या आयटी पार्कवरून जाणारा नगर रस्ताच पुढे रांजणगाव आणि शिरूरला जातो. अशा यंत्राचा बोर्ड आणि पुरवठा बाजारातल्या असेंबल्ड मालापेक्षा भक्कम असतो, एसएसडी टाकली की ते झपाट्याने चालते, आणि पिक्चरसाठी त्याला आणखी काही लागत नाही. गेमसाठी मात्र कॅबिनेट बारीक, म्हणून आखूड कार्डच हवे. एसएमपीएसची जोडणी कंपनीची स्वतःची, म्हणून बाहेरचा लावता येत नाही. त्यामुळे पुन्हा ७५ वॅटची मर्यादा. २०२२ चे आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे कार्ड या चौकटीत बसते खरे, पण ते खाचेतल्या फक्त चार मार्गिका वापरते, म्हणून जुन्या पिढीच्या खाचेत त्याचा वेग घटतो, आणि नव्या एव्ही१ पद्धतीचे चित्र त्याला उलगडता येत नाही.

नवे यंत्र जोडणाऱ्यासाठी जुन्या ८६५जीव्हीचा सापळा उलट्या बाजूने हजर आहे. इंटेलच्या १२१००एफसारख्या, नावाअखेर ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतेच. तो स्वस्त पडतो. कार्ड असेल तर फायद्याचा, कार्ड ‘नंतर घेऊ’ म्हटले तर पडदाच लागत नाही. एफ नसलेला १२१०० एव्ही१ चित्र स्वतः उलगडतो आणि टीव्हीला एचडीएमआयने जोडला की थिएटराचे काम एकटा भागवतो. स्मार्ट टीव्ही स्वस्त झाल्यापासून तेवढ्यासाठी कॉम्प्युटर घेणारे थोडेच राहिले.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना २००४ च्या सुमारास आला, पुढे हायर आले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने तिथे २९७ एकरांचा, सुमारे ४९३ कोटींचा इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन शिरूर तालुक्यात तयार होतात. मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक चिप अजून बाहेरूनच येतात. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची जवळजवळ सगळी यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर राहिली. जुन्या यंत्रांच्या व्यवहारात त्यामुळे सहावी-सातवी पिढी आणि आठवी पिढी असे दोन भाव पडले आहेत. नुसता पिक्चर बघणाऱ्याला लिनक्स टाकून पहिल्या भावाचे यंत्र चालते. गेमवाल्याला दुसऱ्याचे पैसे मोजावे लागतात, शिवाय कार्डाचे निराळे.